लाटेचं माप

रविवार, २ मार्च

आज खाडीच्या तोंडाशी एका लाटेने मला उचललं.

पाठीचं दुखणं सुरू झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, पाण्यावर उभं राहून वल्हवा. आयुष्यभर टेबलावर वाकून शाळांचे गणवेश कापले, त्याचा हा प्रसाद. तेव्हापासून रुंद बोर्डावर उभी राहून मी खाडीतल्या सपाट पाण्यात लांब वल्हं मारते. अंगण झाडल्यासारखंच काम, फक्त अंगण ओलं. आज वळायला उशीर झाला, वाहत तोंडापर्यंत गेले आणि मागून काहीतरी आलं. बोर्डाचं शेपूट वर झालं आणि मी वल्हं न मारता पुढे निघाले. एक शिंक यावी एवढाच वेळ, मग पाण्यात सपशेल आडवी. पण ती शिंक अजून नाकात बसली आहे.

ह्यांना सांगितलं. शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाले, "या वयात?" मी म्हटलं, लाट या वयात आली, तिला मी काय करू?

झोपून पोहत जायचं आणि टुणकन उभं राहायचं, हे माझ्या गुडघ्यांना जमणारं नाही. या प्रकारात माणूस आधीपासूनच उभा असतो, हे बरं. पण खाडीतला बोर्ड लाटेत चालत नाही म्हणतात. तिथला वेगळा असतो. कसा वेगळा? का वेगळा? जावयाचं बोर्डांचंच दुकान आहे, त्याला विचारते.

खरं सांगायचं तर जाण्याचं दुसरंही कारण आहे. लेक आणि जावई यांच्यात काहीतरी बिनसलंय. जोडीने घरी येणं बंद झालंय. लेक येते ती एकटी, जावई येतो तो नेमका ती तिच्या दातांच्या दवाखान्यात असताना. विचारलं की दोघांचं एकच पालुपद, "कामं गं आई, कामं." हे म्हणतात, मध्ये पडू नकोस. नाही पडणार. पण बोर्ड बघायला गेले तर कोण अडवणार आहे? हा मुलगा मला हातचा जाऊ द्यायचा नाही. तो जावई नसता, शेजारी असता, तरी मला आवडला असता.

गुरुवार, ६ मार्च

दुकानात जाऊन आले. डोकं प्रश्नांनी भरून गेलं होतं, ते उत्तरांनी आणखी जड झालं.

बोर्ड लिटरमध्ये मोजतात! मला वाटलं आत काही भरत असतील. तो हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. म्हणाला, तो पाण्यात किती भार तोलून धरेल त्याचा अंदाज लिटरवरून येतो. मग माझं वजन विचारलं. मी सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आई, मला काहीही सांगा. पाणी फसत नाही." मग खरं सांगितलं.

लाटेतला बोर्ड आखूड असतो, म्हणजे वळतो. नाक वर उचललेलं असतं, नाहीतर उतारावर ते पाण्यात घुसतं आणि मागचा माणूस पुढे उडतो. खाली शेपटाशी तीन पाती असतात, त्यांना फिन म्हणतात. वल्हंसुद्धा वीतभर आखूड लागतं. हवा भरून फुगवायचा बोर्ड मात्र लाटेत लवतो, म्हणून तो नको. मी माझी टेप काढून सगळे बोर्ड मोजले. त्याने मोजू दिले. मध्येच मी म्हटलं, "अरे, हा मध्ये एवढा फुगीर का?" आणि मग लक्षात आलं की मी त्याला अरे म्हटलं. लग्नापासून अहो-जाहो करत आले होते. तो म्हणाला, "असंच म्हणा, बरं वाटतं."

निम्मं फडताळ रिकामं होतं. बोर्ड विकले गेले का विचारलं, तर गेले म्हणाला. धंदा तेजीत दिसतोय. म्हणजे जे काही बिनसलंय ते पैशावरून नाही, एक घोर मिटला.

रविवार, ९ मार्च

आज कापायच्या खोलीत खाकी कागद अंथरला आणि त्यावर अनवाणी उभी राहिले. पायांभोवती पेन्सिल फिरवली. मग हातात काठी घेऊन वल्हवल्यासारखं केलं, जिथे जिथे तोल गेला तिथे खुणा केल्या, खुणांभोवती रेघ ओढली. आणि दोन्ही बाजूंना चार चार बोटं सोडली.

ही चार बोटं म्हणजे माझा धर्म आहे. पोराचा गणवेश अंगाबरोबर कधी शिवू नये. पोर वाढतं, कापड आटतं. दुमडीत जागा ठेवली की आया दुवा देतात. बोर्डाचंही तेच, थोडा सैल घ्यावा म्हणजे पडायला जागा राहते.

हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "बोर्डाला बाह्या लावणार आहेस का?"

बुधवार, १२ मार्च

कागदाची गुंडाळी घेऊन दुकानात. जावयाने ती जमिनीवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवले आणि गुडघ्यांवर बसून किती वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "एवढा रुंद नको, आई." मी माझं घोडं पुढे दामटलं. "बरं," म्हणाला, "रविवारी घेऊन बघा."

हात धुवायला मागच्या खोलीत गेले. तिथे गुंडाळलेली गादी, किटली आणि खिळ्याला आरसा होता. आरशाच्या फळीवर दात घासायचा ब्रशही दिसला. पहाटेच्या लाटा चुकू नयेत म्हणून इथेच झोपत असणार. असं वेड असलं की बायको वैतागणारच. बिनसण्याचं कारण सापडलं बहुतेक! त्याला म्हटलं, "रोज घरी जात जा रे बाबा." तो "हो" म्हणाला आणि कागदाची गुंडाळी करायला लागला. केलेली गुंडाळी सोडून परत केली.

रविवार, १६ मार्च

फजिती. लिहायलाही लाज वाटते, पण इथे कोण वाचतंय.

त्या रुंद बोर्डावर मी राणीसारखी उभी. लाट आली, तिने उचललं, बोर्ड निघाला. मी वजन डावीकडे टाकलं. बोर्डाने दखलसुद्धा घेतली नाही. उजवीकडे टाकलं, तरी ढिम्म. नाकासमोर चालणारी माणसं मला फार आवडतात, पण बोर्ड तसा नसावा हे आज कळलं. वाळूवर एक कुटुंब छत्री लावून बसलं होतं. मी "सरका, सरका!" ओरडत थेट त्यांच्या टॉवेलपर्यंत. आजोबांनी पाय वर घेतले, म्हणून वाचले.

जावई धावत आला. आधी माझी हाडं तपासली, मग त्या लोकांची माफी मागितली आणि मग जो हसायला लागला तो वाळूतच बसला. मी त्याला इतकं हसताना लग्नातही पाहिलं नव्हतं. मीही हसले. मग तो एकदम थांबला आणि समुद्राकडे बघत बसला.

सोमवार, १७ मार्च

अंग ठणकतंय. हे तेल चोळून देताना म्हणाले, "सावकाश निवड. घाई कुठे आहे?" या वयात म्हणणारे हेच का ते? माणूस बदलतो, वेळ लागतो इतकंच.

गुरुवार, २० मार्च

लेक संध्याकाळी आली. मी बोर्डाचं सगळं रामायण ऐकवलं. टॉवेलवाल्या आजोबांचं ऐकून हसली, मग म्हणाली, "आई, अजून किती दिवस चालणार आहे हे?"

"का? तुला काही अडचण?"

"नाही गं. तू निवड." थोड्या वेळाने, चमचा कपात फिरवत, "जेवतो का तो नीट?"

बघा! बायकोचा जीव तुटतोच. मी म्हटलं, "ते तू त्याला घरी विचार की." ती उठली आणि कप विसळायला गेली. नळ बराच वेळ सोडून ठेवला होता. पाणी वाया घालवायची सवय तिला कधीपासून लागली कोण जाणे.

ती गेल्यावर ह्यांना म्हटलं, बर्फ वितळतोय. ह्यांनी कोडं पुढे ओढलं. शब्दकोड्यातला आडवा शब्द अडलाय म्हणाले.

रविवार, २३ मार्च

एक टोक गाठून झालं होतं, आज दुसरं गाठलं. अरुंद, चपळ, पोरासोरांचा बोर्ड हट्टाने घेतला. त्यावर मी दिवसभरात उभी कमी आणि पाण्यात जास्त होते. नाकात पाणी, कानात पाणी. पायाला बांधलेली दोरी ओढून बोर्ड जवळ घ्यायचा, चढायचं, पडायचं.

वाळूवर बसून चहा पिताना विचारलं, "अरे, माझं माप नेमकं चुकतंय कुठे?"

तो म्हणाला, "तुम्ही फक्त स्वतःचं माप घेताय. खाडीत ते चालतं, पाणी गप्प असतं. इथे लाटही हलते, तुम्हीही हलता. बोर्डाचा काठ लाटेत रुतला पाहिजे. काठ तुमच्या पायापासून लांब गेला तर तुम्ही तो दाबणार कसा? तुमची चार बोटं तिथे नडतात."

"मग पडले तर?"

"पडाल. रोज थोडं कमी पडाल."

मला त्याच्याकडून आज शिकायला इतकं छान वाटलं की सांगता सोय नाही. सासूने जावयाकडून शिकावं असं कुणी लिहून ठेवलेलं नाही, तसं शिकू नये असंही नाही.

फडताळावर आता मोजके बोर्ड उरलेत. भिंतीवरची दुरुस्तीची हत्यारंही कमी दिसली. विचारलं तर म्हणाला, "एका मित्राला दिली." फार हात सैल आहे याचा. लेकीला सांगायला हवं.

शनिवार, २९ मार्च

आज आनंद पोटात मावत नाही.

बटणं आणायला बाजारात गेले होते, परतताना सहज समुद्रावरून आले. दुकानासमोर लेकीची गाडी! आत दोघं. शेजारी शेजारी बसले होते, काचा बंद. ती बोलत होती, तो ऐकत होता. मग तो बोलायला लागला आणि तिने डोळे पुसले. त्याने हात पुढे केला, तिने धरला. मी झाडाआड उभी राहिले, मग आल्या पावली परत फिरले. बटणं पिशवीत वाजत होती, ती घट्ट धरली.

गाडी रुळावर आली. मध्ये न पडता हे करून दाखवलं मी! जावयाला घरच्या माणसाची सोबत मिळाली, मन हलकं झालं, मग बायकोशी बोलला. आता बोर्डाचा निकाल लावायला हरकत नाही.

ह्यांना सांगितलं तर चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "तू आत गेली नाहीस, ते बरं केलंस."

रविवार, ६ एप्रिल

मिळाला!

त्याने मागून एक बोर्ड काढला, पिवळट, जुनाच, कडेला एक ठिगळ. ठिगळ त्यानेच मारलेलं, मला शोधूनही काठ सापडला नाही. ना रुंद, ना अरुंद. लांबीला आमच्या कापायच्या टेबलाहून जरा जास्त. म्हणाला, "हा तुमच्यासाठी पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवला होता."

"मग आधी का नाही काढलास?"

"तुम्हाला सगळे बघायचे होते ना."

पाण्यात गेलो. तो माझ्या मागे, कमरेएवढ्या पाण्यात. दोनदा पडले. तिसऱ्यांदा "आता, आई, आता!" असं ओरडला. मी चार जोरदार वल्ही मारली, एक पाय मागे घेतला आणि शेपूट उचललं गेलं. टाच दाबली. बोर्ड वळला! काठ लाटेत सुरीसारखा घुसला आणि मी लाटेच्या पुढून नाही, तिच्या अंगावरून, तिरकी, चालले. हिरवं पाणी डाव्या हाताला भिंतीसारखं. मी हात लावला त्या भिंतीला. शिंकेपेक्षा कितीतरी मोठी होती ती लाट.

बाहेर आले तेव्हा रडत होते. खारं पाणी आहे म्हटलं. तोही डोळे पुसत होता. दोघंही खारट.

"हाच घेते," म्हटलं. तो म्हणाला, "ठीक आहे." असं हळू म्हणाला, जसं काही मी बोर्ड घेत नव्हते, परत देत होते.

मंगळवार, ८ एप्रिल

संध्याकाळी खिडकीतून पाहिलं तर दोघं जोडीने येत होते. मी धावत आत गेले, चांगले कप काढले, चहा टाकला. ह्यांना म्हटलं, सदरा बदला. ह्यांनी बदलला नाही.

लेक म्हणाली, "आई, बस जरा." तेवढ्यावरूनच कळायला हवं होतं. दात काढायच्या आधी ती असंच म्हणते.

दोघं ऑक्टोबरपासून वेगळे राहतात. कागदपत्रंही झाली.

मी विचारलं, "भांडलात का?"

"भांडलो असतो तर मिटवता आलं असतं," लेक म्हणाली. "आम्ही एकमेकांकडे पाहुण्यासारखे वागायला लागलो होतो. दार लावून घेतलं तरी सॉरी म्हणायचो."

तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्या किनाऱ्यावर जातोय, दुकानासकट. गादी, ब्रश, रिकामं फडताळ, एकेक गोष्ट डोळ्यांपुढून गेली. तेजीत आहे म्हणे धंदा! मला स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

"तुम्हाला माहीत होतं?" ह्यांना विचारलं. ह्यांनी मान डोलावली.

"मग मलाच का नाही सांगितलं?"

तो म्हणाला, "सांगायलाच येणार होतो. त्याच आठवड्यात तुम्ही टेप घेऊन दुकानात आलात. इतक्या खुशीत होतात. मग आमचं ठरलं, बोर्ड मिळाला की सांगायचं."

मी म्हटलं, "मला माहीत असतं तर मी वर्षभर निवडत बसले असते."

चहा तसाच राहिला. चांगले कप तसेच भरलेले उचलले.

गुरुवार, १० एप्रिल

ह्यांच्याशी बोलत नाही. कालपासून कात्रीच चालवतेय नुसती. एक बाही उलटी कापली. असं कधी होत नाही माझं.

लेक आली होती. तिला म्हटलं, तो जिथे जाईल तिथे मी त्याला भेटायला जाणार, तुला चालेल का? ती चिडली. "तुझं बरं आहे. तुला लाटा मिळाल्या. मला ते दुकान दिसलं तरी मी गाडी वळवते. आणि तो तुला आई म्हणतो, ते ऐकवत नाही." मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी केसांवरून हात फिरवत राहिले. माझी लेक आहे, तिच्यापुढे कोणी नाही. पण तो मुलगा मला हवा आहे. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एका घरात बसत नाही. काय करावं ते मला कळत नाही.

रविवार, १३ एप्रिल

बोर्ड दुकानातच होता. ह्यांना म्हटलं, जाऊन घेऊन येते. बोलणं तिथे सुरू झालं एकदाचं. पण बोर्ड टपावर बांधून आणायला गाडी लेकीचीच. ती आली, मला घेऊन गेली.

दुकानासमोर टेम्पो भरलेला. फडताळंही उपटून टाकलेली, भिंतीवर नुसती भोकं. तो दोर बांधत होता. लेक गाडीला टेकून उभी राहिली, जवळ आली नाही. त्याने तिच्याकडे पाहून मान हलवली, तिनेही.

बोलायचं म्हणून मी सकाळपासून काय काय ठरवलं होतं. नीट राहा, जेव, आम्हाला विसरू नकोस. त्यातलं एकही तोंडातून निघेना. तो बोर्ड घेऊन आला, माझ्यासमोर ठेवला, म्हणाला, "येतो आई." आणि पटकन लेकीकडे पाहिलं, चोरी सापडल्यासारखं. पाया पडला नाही, हात मिळवला नाही. आपण आता कोण लागतो, हे त्याला ठरवता येत नव्हतं, मलाही नाही.

तो वळला, तेव्हा मी म्हटलं, "अरे, बोर्डात खोट आहे."

"काय?"

"डावीकडे ओढतो."

बोर्ड काही डावीकडे ओढत नाही. तो सुतात चालतो, मी त्यावर उभी राहून पाहिलंय. हे त्यालाही पक्कं माहीत, फिन त्यानेच बसवलेत. पण त्याने दोर खाली ठेवला. बोर्ड पालथा केला. गुडघ्यांवर बसला, एक डोळा मिटून नाकापासून शेपटापर्यंत नजर लावली. तळवा फिरवला. एकेक फिन धरून हलवून पाहिलं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, त्याने वर पाहिलं नाही. मी तोंड मिटून उभी होते, हे आमच्या घरात कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

बऱ्याच वेळाने तो मान खाली घालूनच म्हणाला, "हो. ओढतोय जरासा."

"मग आता?"

त्याचा तळवा बोर्डावरच होता. मी मागे वळून पाहायचं धाडस केलं नाही.

मागून लेकीचा आवाज आला. दवाखान्यात खुर्चीतल्या माणसाला सांगते, त्याच कोरड्या आवाजात ती त्याला म्हणाली, "असं असेल तर सहा महिन्यांनी येऊन तपासायला लागतं."